परफॉर्मन्स गाडीसाठी आफ्टरमार्केट एअर इंटेक: मुंबईतल्या गाडीमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंटेक म्हणजे इंजिनाला हवा पोचवणारा फिल्टर आणि पाइप, आणि आफ्टरमार्केट म्हणजे गाडीच्या कंपनीबाहेरून घेतलेला. तो घेण्याआधी एक गोष्ट ठरवा: इंजिन हवा नेमकी कुठून ओढणार? मुंबईत गाडी तासभर ट्रॅफिकमध्ये तापते, पुढच्या रस्त्यावर काँक्रीटची धूळ खाते आणि जूनपासून साचलेल्या पाण्यातून जाते. पाइपचा व्यास, फिल्टरचा ब्रँड, आवाज हे सगळं त्यानंतर येतं. खालची उत्तरं पेट्रोल परफॉर्मन्स गाड्या समोर ठेवून लिहिली आहेत. डिझेलबद्दल वेगळा छोटा प्रश्न आहे.

इंटेक बदलल्यावर पॉवर किती वाढते?

टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेल्या पेट्रोल गाडीत, बाकी काहीही न बदलता, फार तर दोन-चार हॉर्सपॉवर. तीही रेडलाइनच्या, म्हणजे इंजिनाच्या कमाल आरपीएमच्या आसपास. एकाच गाडीच्या डायनोवरच्या (गाडीची पॉवर मोजणारं मशीन) लागोपाठच्या दोन रनमध्येसुद्धा एवढा फरक पडू शकतो. म्हणून एकाच रनचा कागद दाखवून कोणी दहा-पंधरा हॉर्सपॉवर सांगत असेल, तर आधीचे आणि नंतरचे प्रत्येकी तीन रन मागा. बॉनेटची स्थिती, पंखा आणि इंटेकच्या हवेचं तापमान सारखं होतं का, तेही विचारा. बॉनेट बंद ठेवून स्टॉक (गाडीसोबत आलेला मूळ) आणि उघडं ठेवून नवा इंटेक मोजला, तर बरीचशी ‘वाढ’ उघड्या बॉनेटची असते.

टर्बो गाडीचा हिशेब निराळा. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठरावीक टॉर्कचं लक्ष्य धरून वेस्टगेट (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणारी झडप) चालवतो. हवेची वाट मोकळी झाली तरी तो बूस्ट (टर्बोने वाढवलेला दाब) आपल्या आकड्यावरच ठेवतो. स्टॉक ट्यूनवर (ईसीयूच्या मूळ सेटिंगवर) त्यामुळे पॉवर फारशी हलत नाही, पण टर्बोचं काम हलकं होतं. समजा मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) २०० किलोपास्कल दाब हवा आहे. टर्बोच्या तोंडाशी ९७ किलोपास्कल मिळत असतील तर टर्बोला २.०६ पट दाब करावा लागतो, १०० मिळाले तर २ पट. फरक लहान दिसतो, पण रिमॅप केलेल्या (ईसीयूची सेटिंग बदललेल्या) गाडीत टर्बो आधीच मर्यादेजवळ फिरत असतो आणि तिथे तो जाणवतो.

माझ्या गाडीचा स्टॉक एअरबॉक्स (फिल्टरचा डबा) खरंच अडवतोय का, हे घरी कळेल?

कळेल, आणि खर्च शंभर-दोनशे रुपये. इंटेक विकत घेण्याआधी ही चाचणी करावीच, असं आमचं ठाम मत आहे. सहा मिमी आतल्या व्यासाची पारदर्शक नळी घ्या, लाकडी पट्टीवर इंग्रजी यू अक्षरासारखी बसवा, प्रत्येक बाजू किमान ७० सेंमी उंच ठेवा आणि अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरा. एक टोक मोकळं सोडा. दुसरं टोक फिल्टर आणि टर्बो किंवा थ्रॉटल बॉडी (इंजिनाची हवा कमी-जास्त करणारी झडप) यांच्या मधल्या पाइपला, एखाद्या छोट्या निपलवर जोडा. क्रँककेस ब्रीदरची (इंजिनातली तेलाची वाफ नेणारी) नळी काढून तिथे हे टोक लावू नका, मोजमाप चुकतं.

फुल थ्रॉटलला दोन बाजूंमधल्या पाण्याच्या पातळीत जो फरक पडतो तो मोजा. दहा सेंमी फरक म्हणजे जवळपास एक किलोपास्कल. हे काम डायनोवरच करा, रस्त्यावर नको. सोबतचा माणूस नुसता पाण्याकडे बघत बसेल आणि तुमचं लक्षही तिकडेच जाईल. नळीच्या वाटेत एक रिकामी बाटली सापळा म्हणून ठेवा, म्हणजे अंदाज चुकला तरी पाणी इंजिनाकडे जाणार नाही.

फरक १५ सेंमीच्या आत असेल तर एअरबॉक्सला हात लावू नका, पैसे टायरवर खर्च करा. ३० सेंमीच्या वर असेल तर फिल्टर काढून तीच चाचणी पुन्हा घ्या. आकडा खूप उतरला तर अडथळा फिल्टरचाच आहे आणि नवीन पॅनेल फिल्टरने काम भागेल. फारसा उतरला नाही तर ग्रिलमागचं तोंड किंवा पाइपातलं वळण अरुंद आहे. पूर्ण किटचा विचार तेव्हाच करा. चाचणी संपली की फिल्टर लगेच परत बसवा.

कोणकोणते प्रकार मिळतात?

सगळ्यात साधा म्हणजे पॅनेल फिल्टर. स्टॉक डब्यात स्टॉक मापाचाच, पण जास्त हवा सोडणारा. शॉर्ट रॅममध्ये डबा काढून टाकतात आणि आखूड पाइपच्या टोकाला बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर लावतात. कोल्ड एअर इंटेकमध्ये लांब पाइपने फिल्टर बंपरमागे किंवा फेंडरमध्ये उतरवतात. बंद डब्याच्या इंटेकमध्ये मोठा फिल्टर सीलबंद खोक्यात असतो आणि त्या खोक्याला ग्रिलच्या वरच्या भागातून हवा मिळते.

मुंबईत रोज चालणाऱ्या गाडीला आमचा क्रम असा: आधी पॅनेल फिल्टर, रिमॅप असेल तर बंद डबा. शॉर्ट रॅम शेवटी. बंपरमधला कोल्ड एअर इंटेक पावसाळ्यात चालणाऱ्या गाडीला नकोच.

उघड्या कोन फिल्टरला एवढा विरोध का? आवाज तर मस्त येतो.

आवाज मस्त येतो, हे खरं. अडचण गरम हवेची आहे. बाहेर ३३ अंश असताना फिल्टरजवळ ६३ अंश झाले, तर तीच हवा सुमारे ९ टक्के विरळ होते. १२० हॉर्सपॉवरच्या टर्बो नसलेल्या गाडीत ही दहा हॉर्सपॉवरच्या आसपासची घट झाली. दोन-चार मिळवायला गेलो आणि दहा घालवले. मुंबईच्या हवेत दमटपणामुळे आधीच तोटा असतो. ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला हवेच्या दाबातला साधारण ३.७ टक्के वाटा वाफेचा असतो आणि तेवढा ऑक्सिजन कमी मिळतो. त्याला इलाज नाही, निदान उष्णतेची भर तरी घालू नये.

गाडी पळायला लागली की बॉनेटखालची हवा बदलते आणि तापमान उतरतं. जेव्हीएलआरवर किंवा सायनला अर्धा तास रखडल्यावर समोर रस्ता मोकळा होतो, नेमकं तेव्हाच इंजिन सगळ्यात गरम हवा घेतं. कोनच्या बाजूला पत्र्याची हीट शील्ड लावली तरी तिची वरची कड बॉनेटच्या आतल्या बाजूला रबराने टेकत नसेल, तर ती जवळपास शोभेचीच. शील्ड घ्यायची असेल तर बॉनेटवर पडलेला रबराचा ठसा बघा. कडेवर खडूची पूड लावून बॉनेट बंद करा आणि उघडा. ठसा सलग असेल तर सील बसतंय.

बंपरमधला कोल्ड एअर इंटेक पावसाळ्यात खरंच धोक्याचा आहे का?

आहे. या पानावरचं दुसरं काही नाही वाचलं तरी एवढं वाचा. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. एक लिटरचं तीन सिलिंडरांचं इंजिन घ्या. एका सिलिंडरचं माप ३३३ सीसी, कॉम्प्रेशन १०.५. पिस्टन वर पोचतो तेव्हा वर उरणारी जागा सुमारे ३५ मिलिलिटर. म्हणजे कटिंग चहाच्या ग्लासात अर्धा ग्लास पाणी. एका सिलिंडरमध्ये तेवढं पाणी गेलं की पिस्टन वर जाऊच शकत नाही, फ्लायव्हील मात्र ढकलत राहतं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. जास्त आरपीएमला रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

बंपरमागचा फिल्टर रस्त्यापासून साधारण एक-दीड फुटावर असतो. त्याला २६ जुलै २००५ सारखा दिवस लागत नाही. भरतीच्या वेळी तासभर जोराचा पाऊस झाला की हिंदमाता, किंग्ज सर्कलचं गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे इथे पाणी चढतं. तुम्ही स्वतः सावकाश चाललात तरी समोरून येणारी बस जी लाट उठवते ती बंपरवर आदळते. इंजिन ओढत असताना फिल्टर पाण्याखाली क्षणभर गेला तरी पुरे.

फिल्टरवर चढवायचा पाणी झटकणारा कापडी मोजा मिळतो. तो शिंतोड्यांसाठी चांगला आहे, बुडालेल्या फिल्टरसाठी त्याचा काही उपयोग नाही. पाइपमध्ये बसवायचा बायपास व्हॉल्व्हही मिळतो. फिल्टर बुडाला की तो वरून हवा घेतो. तो टर्बो गाडीत लावायचा नसतो, हे विकणारा बहुतेक वेळा सांगत नाही. ज्यांना कोल्ड एअर इंटेक हवाच आहे त्यांनी दोन तुकड्यांत सुटणारा पाइप घ्यावा आणि जून ते सप्टेंबर खालचा तुकडा काढून फिल्टर वर लावावा. मॅफ सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) वरच्या तुकड्यात असला तरच हे जमतं.

पाण्यात गाडी बंद पडली तर?

पुन्हा स्टार्टर मारू नका. बहुतेक इंजिनं पाण्यात बंद पडल्यामुळे मरत नाहीत, त्यानंतरच्या ‘एकदा बघू’ने मरतात. इग्निशन बंद करा, पुश बटण आणि स्टार्ट-स्टॉप असलेल्या गाडीत बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढा, गाडी ढकलून किंवा टो करून बाजूला घ्या. फिल्टर उघडून बघा. कोरडा असेल आणि पुढचा पाइपही आतून कोरडा असेल तर कारण बहुधा विजेचं आहे. ओला असेल तर सगळे स्पार्क प्लग काढायचे, इंधन पंपाचा फ्यूज काढायचा आणि क्रँक हाताने दोन फेरे फिरवायचा. फेऱ्यात कुठे अडलं तर जोर करू नका. पाणी बाहेर आलं तर इंजिन ऑइल बदला, टर्बो गाडीत इंटरकूलरही काढून उलटा करून निथळवा. इंटरकूलरमध्ये राहिलेलं पाणी दुसऱ्या दिवशी इंजिनात जातं आणि मग सगळे चक्रावतात की काल तर गाडी चालत होती.

मॅफ आणि मॅप सेन्सरचा इंटेकशी काय संबंध?

सगळ्यात जास्त किट इथेच फसतात. काही गाड्यांमध्ये एअरबॉक्सच्या लगेच पुढे मॅफ सेन्सर असतो. पाइपमध्ये घुसवलेली छोटी गरम तार किंवा फिल्म, तिच्यावरून वाहणाऱ्या हवेवरून ईसीयू हवेचं वजन काढतो. हे गणित त्याच व्यासाच्या पाइपसाठी बसवलेलं असतं. समजा स्टॉक व्यास ७० मिमी आहे आणि नवा पाइप ७६ मिमीचा आला. क्षेत्रफळ १८ टक्क्यांनी वाढलं. तेवढीच हवा आता सावकाश वाहते आणि सेन्सर सुमारे १५ टक्के कमी हवा सांगतो. ईसीयू पेट्रोलही तेवढंच कमी सोडतो. सावकाश चालवताना ऑक्सिजन सेन्सर ते भरून काढतो, पण फुल थ्रॉटलला बऱ्याच गाड्यांत ती दुरुस्ती पुरी पडत नाही. मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि नॉकिंग (पेट्रोलचं अवेळी पेटणं) सुरू होतं. गाडी ‘मोकळी’ झाल्यासारखी वाटते आणि पिस्टन तापत असतात.

म्हणून मॅफ असलेल्या गाडीसाठी किट घेताना सेन्सरच्या जागचा आतला व्यास व्हर्नियरने मोजून स्टॉकशी जुळवा. अर्धा मिमी इकडेतिकडे चालेल. सेन्सरच्या आधी किमान दहा सेंमी पाइप सरळ हवा. वळणाच्या लगेच पुढे सेन्सर लावला तर हवा घुसळत येते आणि आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालतं तो आरपीएम) डुलायला लागतं. स्टॉक डब्यात मधाच्या पोळ्यासारखी जाळी असेल तर नव्या पाइपमध्येही ती हवी. सेन्सरवरचा बाण इंजिनाकडे आहे ना, ते बघा.

मॅप सेन्सरवर चालणाऱ्या गाड्या मॅनिफोल्डमधला दाब आणि तापमान मोजतात. फोक्सवॅगन आणि स्कोडाची १.० टीएसआय अशीच आहे. तिथे पाइपच्या व्यासाने मोजणी बिघडत नाही, त्यामुळे इंटेक बसवणं सोपं जातं. तुमची गाडी कोणती, ते ओळखायला एअरबॉक्स आणि थ्रॉटल किंवा टर्बो यांच्यामधल्या पाइपवर चार-पाच तारांचा सॉकेट आहे का बघा. ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावायचं छोटं यंत्र) लावून ॲपमध्ये ‘मास एअर फ्लो’चा जिवंत आकडा येतो का, हेही तपासा. काही ॲप हा आकडा स्वतः हिशेब करून दाखवतात, म्हणून डोळ्यांनी बघणं अधिक भरवशाचं.

पाइप जितका मोठा तितका चांगला?

नाही. दोन लिटरचं इंजिन ६००० आरपीएमला सेकंदाला १०० लिटर हवा घेतं, एक बार बूस्ट असेल तर साधारण दुप्पट. टर्बो नसलेल्या इंजिनाच्या या हवेला ७६ मिमी पाइप सहज पुरतो. त्यापेक्षा मोठा पाइप लावून पुढे टर्बोचं तोंड ५० मिमीचंच राहिलं, तर अडथळा तिथेच राहतो. टर्बो गाडीत टर्बोला जोडणारा शेवटचा रबरी एल्बो हाच बहुतेक वेळा सगळ्यात अरुंद असतो. किटमध्ये तो नसेल तर अर्धं काम राहिलं. टर्बो नसलेल्या गाडीत स्टॉक पाइपची लांबी मधल्या आरपीएमचा टॉर्क जपण्यासाठी आणि त्यावरचा रेझोनेटरचा डबा मुख्यतः आवाज कमी ठेवण्यासाठी असतो. ही जुळणी मोडली की २५०० ते ३५०० मध्ये गाडी मवाळ झाली अशी तक्रार येते. मुंबईत आपण तिथेच गाडी चालवतो.

अ‍ॅल्युमिनियम, प्लॅस्टिक की कार्बन फायबर?

यावर फार डोकं घालवू नका. फुल थ्रॉटलला ६० सेंमी पाइपमधून हवा एका सेकंदाच्या तीन शतांशात निघून जाते, तापायला वेळच मिळत नाही. आयडलला मात्र ती अर्ध्या सेकंदाहून जास्त आत राहते आणि धातूचा पाइप तिला तापवतो. जाड प्लॅस्टिक दोन्हीकडे बरं आणि स्वस्त. कार्बन दिसायला सुंदर. सिलिकॉनचा पाइप आत जाळी किंवा तारेचं वेटोळं नसेल तर ओढीने चपटा होतो, तो टर्बोआधी लावू नका.

तेलाचा कापडी, ड्राय सिंथेटिक की साधा कागदी फिल्टर?

मुंबईत आम्ही ड्राय सिंथेटिक किंवा चांगला कागदीच सुचवतो. कारण धूळ. शहरभर रस्त्यांचं काँक्रीटीकरण आणि मेट्रोचं काम चालू आहे. सिमेंट आणि वाळूची बारीक धूळ सिलिंडरच्या भिंतीवर पॉलिश पेपरसारखी घासते, टर्बोच्या पात्यांच्या कडा झिजवते.

विकणारा ‘९८.५ टक्के धूळ अडवतो’ म्हणतो आणि ऐकायला ते भरपूर वाटतं. स्टॉक कागदी फिल्टर ९९.५ टक्के अडवत असेल तर आत जाणारी धूळ अर्ध्या टक्क्यावरून दीड टक्क्यावर गेली. तिप्पट झाली. म्हणून आयएसओ ५०११ या चाचणीचा अहवाल मागा. त्यात तीन आकडे बघायचे: धूळ अडवण्याचं प्रमाण, फिल्टर भरेपर्यंत मावणारी धूळ आणि ठरावीक हवेला येणारा अडथळा. फक्त ‘५० टक्के जास्त हवा’ एवढंच लिहिलेल्या खोक्यावर पैसे लावू नका.

घरी तपासायचं असेल तर बसवल्यावर हजार किलोमीटरने फिल्टरनंतरचा पाइप उघडा आणि आतून पांढऱ्या सुती कपड्याने पुसा. कपडा पांढरा राहिला पाहिजे. राखाडी पट्टा आला तर फिल्टर धूळ सोडतोय किंवा कडेचं रबर बसत नाहीये. पट्टा एकाच बाजूला असेल तर दोष नक्की सीलचा.

कापडी फिल्टर धुवायचा कसा?

त्याच कंपनीचा क्लीनर मारून दहा मिनिटं ठेवा, वाळू देऊ नका. मग नळाच्या हलक्या धारेने आतून बाहेर, म्हणजे स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे धुवा. उलट धुतलंत तर धूळ कापडात आणखी रुतते. झटका आणि सावलीत वाळवा. कम्प्रेसरची हवा, हेअर ड्रायर, ऊन यांनी कापड आकसतं आणि भोकं पडतात. पूर्ण वाळल्यावर प्रत्येक चुणीवर तेलाची एकच बारीक रेघ. वीस मिनिटांनी पांढरे ठिपके उरले असतील तिथेच थोडं तेल. जास्तीचं तेल मॅफच्या तारेवर बसतं आणि रीडिंग बिघडतं.

मुंबईच्या पावसाळ्यात फिल्टर वाळायला दोन दिवससुद्धा लागतात आणि अर्धवट ओल्या कापडावर तेल धरत नाही. जुना कागदी फिल्टर जपून ठेवा आणि तेवढे दिवस तो लावा. शक्य असेल तर मेमध्येच धुऊन घ्या. दर ५००० किलोमीटरला फिल्टर उघडून बघा. खोदकामाच्या रस्त्याने रोज जात असाल तर त्याआधीही.

मॅफ सेन्सर मळला असेल तर फक्त मॅफ क्लीनरचा स्प्रे वापरा. कार्ब क्लीनर किंवा ब्रेक क्लीनरने फिल्म खराब होते. बोट, कापूस, ब्रश लावायचा नाही. पूर्ण सुकल्यावरच जोडा.

किट बसवताना काय सांभाळायचं?

इंजिन थंड होऊ द्या. काढण्याआधी प्रत्येक नळीचा आणि सॉकेटचा मोबाइलवर फोटो घ्या. स्टॉक भाग निघाल्याबरोबर टर्बोच्या किंवा थ्रॉटलच्या तोंडात लालभडक कपडा कोंबा. रंग भडक असला की तो आत विसरला जात नाही. एक नट जरी टर्बोत पडला तरी काम संपलं.

बसवताना सगळे क्लॅम्प आधी सैल ठेवा, पूर्ण जोडणी जागेवर आणा आणि मग इंजिनाकडून फिल्टरकडे एकेक घट्ट करा. वर्म क्लॅम्पला तीन ते चार न्यूटन मीटर पुरतात. जास्त आवळले तर रबर कापतं. क्लॅम्प ३०४ ग्रेड स्टेनलेसचे घ्या, समुद्राच्या हवेत साधे दुसऱ्या पावसाळ्यात गंजून अडकतात. इंजिन हलतं, त्यामुळे पाइप आणि बॅटरी, बॉडी, बॉनेट यांत किमान १५ मिमी जागा सोडा आणि बॉडीला टेकणाऱ्या ब्रॅकेटखाली रबराची बुशी द्या. ती नसेल तर काही महिन्यांत पाइपला वेल्डजवळ तडा जातो.

क्रँककेस ब्रीदरची नळी मूळ मापाच्या निपललाच जोडा. तिच्या टोकाला छोटा फिल्टर लावून ती हवेत सोडायची पद्धत आहे. ती टाळा. तेलाची वाफ इंजिन बेमध्ये येते आणि मॅफ असलेल्या गाडीत मोजणीही बिघडते. टर्बो गाडीत डायव्हर्टर व्हॉल्व्हची (ॲक्सिलरेटर सोडल्यावर जास्तीची दाबलेली हवा परत सोडणारी झडप) परतीची नळी पाइपला येत असेल तर किटमध्ये ती जागा आहे का, हे विकत घेण्याआधी बघा. नसली तर मॅफ असलेल्या गाडीत गियर बदलताना मिश्रण रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त होतं, आणि गाडी धडधडते.

पन्नास किलोमीटरनंतर सगळे क्लॅम्प पुन्हा तपासा.

बसवल्यावर चेक इंजिनचा दिवा लागला.

पी०१७१ हा कोड आला म्हणजे मिश्रण लीन. पी०१०१ किंवा पी०१०२ म्हणजे मॅफचं रीडिंग अपेक्षेबाहेर. दिवा घालवायला कोड नुसता पुसून टाकू नका. लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू पेट्रोलमध्ये सतत करत असलेली दुरुस्ती. किट बसवण्याआधी आणि दीडदोनशे किलोमीटर चालल्यावर, दोन्ही वेळा नोंद असावी. पाच टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, दहाच्या वर गेला तर शोध घ्या. आयडलला ट्रिम खूप जास्त आणि आरपीएम वाढवल्यावर कमी होत असेल तर कुठेतरी हवा चोरून आत येते: ब्रीदरची नळी, सेन्सरची ओ रिंग, सिलिकॉन जोड. गॅरेजमध्ये धुराच्या मशीनने दहा मिनिटांत जागा सापडते. आरपीएमबरोबर ट्रिम वाढत असेल तर मॅफच्या व्यासाचा प्रश्न आहे आणि त्याला योग्य पाइप किंवा रिमॅप हाच इलाज.

इंटेकच्या हवेचं तापमान ॲपमध्ये कमी दिसतंय, म्हणजे किट चांगलं ना?

सेन्सर कुठे आहे त्यावर अवलंबून. टर्बो गाड्यांत तो बहुधा इंटरकूलरनंतर असतो. तो इंटरकूलरचं काम सांगतो, फिल्टरपाशी काय चाललंय ते सांगत नाही. के टाइप थर्मोकपलची तार डब्यात फिल्टरजवळ टेपने चिकटवा, दुसरी ग्रिलच्या बाहेर ठेवा. गाडी चालू असताना दोन्हींतला फरक दहा अंशांच्या आत हवा. ट्रॅफिकमध्ये तो वाढणारच. मोकळ्या रस्त्यावर तो किती लवकर उतरतो, त्यावर दोन किटमधला फरक कळतो. नोंद सोबतच्या माणसाने करावी.

आरटीओ, पीयूसी, विमा, वॉरंटी?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि प्रदूषणाच्या नियमभंगासाठी कलम १९० वेगळं आहे. स्टॉक डब्यातला पॅनेल फिल्टर हा सर्व्हिसिंगमधला सुटा भाग ठरतो. उघडा कोन मात्र बॉनेट उघडताच डोळ्यांत भरतो.

पेट्रोल गाडीच्या पीयूसीमध्ये साधारण २५०० आरपीएमला लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ म्हणजे अचूक) ०.९७ ते १.०३ मध्ये यावा लागतो. मॅफनंतर हवेची गळती असेल तर हा आकडा हलू शकतो. चाचणीआधी ट्रिम बघून जा.

विम्यात इंजिनात पाणी जाऊन झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बहुतेक वेळा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे वेगळं कव्हर लागतं. ते असलं तरी बंपरमध्ये उतरवलेला आणि न कळवलेला इंटेक दाव्याच्या वेळी अंगाशी येतो. बदल लेखी कळवा. वॉरंटीतल्या गाडीचा स्टॉक डबा, स्क्रू आणि रबरासकट, पिशवीत भरून नाव घालून ठेवा.

मुंबईत कुठून घ्यावा? नकली कसा ओळखायचा?

कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि ऑपेरा हाऊसजवळची दुकानं फिरून या, वस्तू हातात घेऊन बघता येते हा मोठा फायदा. पण मोठ्या ब्रँडचा माल बिल देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. नकली फिल्टरच्या चुण्या एकसारख्या नसतात. प्रकाशासमोर धरला की टाचणीच्या भोकासारखे ठिपके दिसतात. रबराची कड कडक असते आणि नखाने दाबली तर खळगा तसाच राहतो. पार्ट नंबर कंपनीच्या यादीत तुमच्या गाडीचं वर्ष आणि इंजिन घालून जुळवा. ‘सगळ्याला बसतो’ म्हणून मिळणारा कोन आणि अ‍ॅडॉप्टर रिंगांची पिशवी घरी आणू नका. रिंगा सरकतात आणि फिल्टरच्या कडेने धूळ सरळ आत जाते.

डिझेलला लावावा का?

पॅनेल फिल्टर, तोही ड्राय. बीएस६ डिझेलमध्ये मॅफच्या आकड्यावर ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी व्यवस्था) आणि डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) यांचं गणित चालतं. तिथे पाइप बदलून गोंधळ ओढवून घेऊ नका.

रिमॅप आधी की इंटेक आधी?

इंटेक आधी. बसवा, दोनशे किलोमीटर चालवा, ट्रिम आणि तापमानाची नोंद घ्या आणि ती ट्यूनरच्या हातात द्या. रिमॅप झाल्यावर इंटेक बदललात तर मॅफ असलेल्या गाडीत रिमॅपची फाइल पुन्हा करावी लागते आणि त्याचे पैसे वेगळे. कोणता फिल्टर लावून फाइल केली, ते बिलावर लिहून घ्या. पुढे तोच प्रकार वापरा.